झोळीचा हूक

परवा नव्या मिक्सरच्या खोक्यातलं थर्माकोल करकरलं आणि मला घाटकोपरच्या आमच्या घरातली एक दुपार आठवली. नवऱ्याने छोट्या खोलीत सिनेमा बघायची सगळी तयारी केली होती, फक्त सबवूफर, म्हणजे खर्जाचा आवाज घुमवणारा स्पीकर, ठरायचा होता. दुकानदाराने थर्माकोलच्या खोक्यांतून एक मोठा, एक छोटा असे दोन पाठवले होते, घरी लावून बघा आणि एक परत करा म्हणून. नवऱ्याचा जीव मोठ्यावर होता. मला मात्र खालच्या घराची धास्ती, कारण तिथे तान्हं बाळ होतं आणि ते दुपारी झोपतच नसे. शेवटी बाळाच्या आईला विचारून मी खाली जाऊन बसले आणि नवऱ्याला फोनवर म्हटलं, "लाव आधी मोठा." बाळ साडीच्या झोळीत किरकिरत होतं. झोळी छताच्या हुकाला टांगलेली, म्हणजे आमच्याच खोलीच्या बरोबर खाली. वर घुमायला लागलं तसे कपाटातले काचेचे पेले किणकिणले आणि झोळीची साडीसुद्धा बारीक थरथरली. वाट लागली, मी मनात म्हटलं. "बंद कर" म्हणून सांगणार, तेवढ्यात बाळाच्या आईने माझा हात धरला. बाळाची मूठ सैल पडली होती. "थांब ना गं," ती कुजबुजली, "किती दिवसांनी दुपारचा झोपलाय. तो छोटाच परत दे." माझा जीव भांड्यात पडला. आता तो मुलगा शाळेत जातो, सिनेमा बघायला हट्टाने वर येतो आणि पडद्यावर मारामारी सुरू झाली की आमच्या सोफ्यावर गाढ झोपून जातो.