जावेचे कण

धाकट्या दिरासाठी हे स्थळ थोरलीनेच सुचवलं होतं. प्रयोगशाळेत तिच्याच हाताखाली शिकलेली, शांत, कामसू मुलगी. लग्नानंतर मात्र घरीही जाऊ आणि कामावरही जाऊ, असं होऊन बसलं. उठता-बसता थोरलीला तिचंच कौतुक ऐकावं लागे.

थोरलीची उमेदीची वर्षं एकाच कामात गेली होती: औषध भरलेले अतिसूक्ष्म कण नेमके कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोचवायचे. गाठ ओळखणारे रेणू ती कणांवर बसवायची. काचेच्या बशीत ते बरोबर काम करत. रक्तात सोडले, की तिथली प्रथिनं कणांना लपेटून टाकत, ओळखणारे रेणू खाली झाकले जात आणि सगळा माल यकृतात जाऊन पडे. प्रथिनं चिकटूच नयेत म्हणून तिने नाना लेप करून पाहिले. एकही टिकला नाही.

धाकटी म्हणाली, "ताई, चिकटणारच असतील तर चिकटू देत. कोणतं चिकटावं, तेवढं आपण ठरवू." तिने कणांचा पृष्ठभाग असा बदलला की एक ठरावीक प्रथिन आधी येऊन बसे, आणि गाठीच्या पेशी त्यालाच आत ओढून घेत. कणांत चमकणारा रंग भरून काढलेल्या उंदरांच्या छायाचित्रांत गाठी लख्ख उजळल्या.

थोरलीचा जळफळाट झाला. एवढी साधी गोष्ट आपल्याला का सुचू नये? त्यात प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी तिलाच सांगितलं, "हा प्रयोग तुम्ही स्वतंत्रपणे करून बघा." फसू दे, फसू दे, असं घोकत तिने तो केला. काम मात्र हातचं राखून केलं नाही. गाठी उजळल्या. फक्त एका उंदराची नाही.

बैठकीत तिने पहिलं चित्र त्याचंच लावलं. "रक्तारक्तात फरक पडतोय. माणसांत काय होईल?" आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही.

धाकटी चित्राकडे बघत राहिली. "याचं रक्त ठेवलंय का, ताई?"

ठेवलं होतं. दोघींनी मिळून त्या रक्तातल्या कणांवरची प्रथिनं सोडवून तपासली. त्या उंदराचं यकृत आधीपासूनच सुजलेलं होतं; रक्तात भलतीच प्रथिनं वाढली होती आणि कणांवरची जागा त्यांनीच बळकावली होती. म्हणजे औषध देण्याआधी रुग्णाचं रक्त बघावं लागणार. "हे ताईंमुळे कळलं," असं धाकटीने पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं.

घरी हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "किती मोकळ्या मनाची आहे बघ."

"हो ना," थोरली म्हणाली. चांगुलपणातही हिनेच बाजी मारावी, हे तिला त्या चित्रांपेक्षा जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी धाकटी यायच्या आधीच तिने पुढचे कण करायला घेतले.