पुढची तारीख

सोमवारी सकाळी हे वारले. यांच्या वकिली फर्मतर्फे वंचित मुलांसाठी अनुदान देतात. ते ठरवणाऱ्या समितीतली यांची जागा पुढे मला मिळाली. पहिल्याच बैठकीत वस्तीतली दहावीची मुलगी आली. मदतीवाचून तिथल्या मुलांची अभ्यासिका बंद होणार होती. तिचे ऐकून थोरले वकील सवयीने म्हणाले, "पुढची तारीख देऊ."

"नको सर. आईला कोर्ट तारखाच देतंय. आमची परीक्षा थांबायची नाही."

सगळे हसले, वकीलसाहेब सर्वांत जास्त. हे असताना आमच्या घरचा नळसुद्धा पुढच्या तारखेला दुरुस्त व्हायचा. माणसाला वाटते, तारखा पुष्कळ आहेत. अनुदान तिथेच मंजूर झाले. आता अभ्यासिका रोज उघडते, आणि शनिवारी मी तिथे मुलांना वाचून दाखवते.