आखाजीच्या बैठकीचा फराळ

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन गोष्टी होतात. सासरी गेलेल्या मुली माहेरी येऊन झोके खेळतात, आणि पुरुष पत्ते खेळतात. वर्षभर पत्त्यांना हात न लावणारा माणूससुद्धा त्या दिवशी बैठकीला बसतो आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच दिवशी आल्या म्हणजे बाईचं काय होतं, ते मला जळगावला त्या वर्षी कळलं.

हे तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. चौघांची बैठक दर आखाजीला एकेकाच्या घरी बसायची. त्या वर्षी आमची पाळी आली. ह्यांनी जेवता जेवता सांगितलं. आदल्या वर्षी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आजारी म्हणून माझं माहेरी जाणं झालं नव्हतं. माझी मोठी बहीण लांब नंदुरबारकडे दिलेली. आमची भेट व्हायची ती फक्त आखाजीला, धुळ्याजवळच्या आमच्या गावी. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गौराई नदीत बोळवायची, आणि ती बोळवून झाली की बहिणीची बैलगाडी परत निघायची. ही भेट चुकली की पुन्हा वर्ष.

मी दाराआडून विचारलं, "मग मी जायचं नाही का?"

"जा ना. पण घरची बाई नसताना चार माणसं बोलावू कशी? त्यांचं खाणंपिणं कर आणि दिवेलागणीच्या गाडीने निघ. नाना येतीलच न्यायला." नाना म्हणजे माझे चुलते.

त्या गाडीने चाळीसगाव, तिथे स्टेशनवर पडून राहायचं, आणि सकाळची धुळ्याची गाडी. हिशेब बसत होता, पण जेमतेम. त्या दिवसापासून माझं कशातच लक्ष लागेना. दळताना मी फराळाचा विचार करी आणि फराळाचा विचार करताना बहिणीचा.

आत्याबाईंना नीट दिसत नव्हतं. मी गेल्यावर त्यांनी चुलीपाशी बसावं असं मला वाटत नव्हतं. तेव्हा सगळं आधीच करून ठेवण्यासारखं हवं होतं. शिवाय पत्ते खेळणाऱ्याचा एक हात अडकलेला असतो आणि दुसऱ्याने पानं टाकायची असतात. मागे एका घरी डाव चालू असताना आमरस वाढला, तर राजा राणीला असा चिकटला की नवा जोड आणावा लागला, असं हे हसून सांगत. म्हणून मी रस काढला नाही. मांडे दुपारी पितरांच्या घागरीच्या नैवेद्याला, घरच्यांपुरतेच. सांजोरी केली तर बोटांना तूप लागणार. शेवटी दशम्या ठरवल्या. गूळ घातलेल्या दुधात कणीक भिजवून लहान लहान दशम्या करायच्या, म्हणजे चार दिवस टिकतात आणि हाताला काही लागत नाही. सोबत शेव आणि भाजलेले शेंगदाणे. प्यायला कैरीचं पन्हं, नव्या माठात.

चौघांत आमच्या शेजारचे धान्याचे शेठ होते. ते मारवाडातले जैन. कांदा-लसूण खायचे नाहीत, आणि दिवस मावळल्यावर तर काहीच नाही. त्यांच्यासाठी काय करावं म्हणून मी धीर करून शेठाणीकडे गेले. मी कोणाच्या घरी सहसा जात नसे.

शेठाणी म्हणाल्या, "दुधातलं चालतं त्यांना. शेवेत लसूण घालू नका. कणीक भिजवायला परात आमची न्या, पन्ह्याला उकळलेलं पाणीही देते." मग हसून म्हणाल्या, "पण फार चांगलं करू नका हो. घर विसरतील."

आखाजीला सकाळीच नाना आले. मला वाटलं, आता अर्धी मी माहेरी पोचलेच. पण दुपारी बैठकीची वेळ झाली आणि चौथा गडी आलाच नाही. त्याचा निरोप आला की घरी पाहुणे आहेत. ह्यांनी नानांकडे बघितलं. नाना नको नको म्हणत सतरंजीवर बसलेसुद्धा.

गावाकडे नाना पत्त्यांना बसले की त्यांना उठवायला काकू स्वतः जायची, हे मला माहीत होतं. पण मी स्वतःला समजावलं, शेठ आहेत ना. दिवस कलला की शेठ जेवायला घरी जातात आणि बैठक मोडते, हे दरवर्षीचंच होतं. मी बोचकं बांधून ठेवलं आणि मागच्या अंगणातल्या उन्हाकडे बघत बसले.

आतून आवाज येत होते.

"नाना, पान टाका. झोप लागनी का?" ह्यांच्याबरोबरचे कारकून म्हणाले.

"झोप तुन्ही राणीले लागनी. कव्हानी दखाडस नही," राणी दाखवतच नाही म्हणून नानांनी टोला दिला, आणि सगळे हसले.

ऊन भिंतीवर चढलं तशी मी दशम्यांचं ताट ह्यांच्या हाती दिलं. शेठांचं वेगळं ताट, त्यांच्या घरच्याच परातीतलं, आणि पन्हंही त्यांच्याच पाण्यातलं आहे असं सांगायला लावलं. आतून शेठांचा आवाज आला, "आमच्या घरचं पाणी? मग उठायचं कशाला? इथंच उरकतो, अजून दिवस आहे." त्यांनी दिवस मावळायच्या आत दशम्या खाल्ल्या, पन्हं प्यायले, चूळ भरली आणि पुन्हा पानं पिसायला घेतली.

ज्या माणसाने उठावं म्हणून मी उन्हाकडे बघत होते, त्याला मीच बसवून ठेवलं होतं.

दाराआडून मी हळूच हाक मारली, "नाना, गाडी."

"हाऊ डाव व्हऊ दे वं माय. मंग निंघूत."

तो डाव झाला, दुसरा झाला. पन्हं संपलं तर हे आणखी मागायला आले. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्या बोचक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "निघतीलच आता." आत्याबाई कोपऱ्यात जपमाळ ओढत होत्या. त्या म्हणाल्या, "तुन्हा नाना आते उठनार नही. तू खावाले इतलं चांगलं करं, मंग कसाले उठी तो?"

मी दिवा लावला. आत्याबाईंच्या पाया पडले. मागच्या दाराला वाट नव्हती, बाहेर जायचं तर बैठकीतूनच. मी चार पुरुषांसमोरून कधी गेले नव्हते. पदर नाकापर्यंत ओढला, बोचकं काखेत घेतलं आणि सतरंजीच्या कडेने चालत उंबऱ्याबाहेर आले.

"कोठे चालनी वं?" नाना म्हणाले.

"स्टेशनवर."

मला वाटतं, तेवढंच बोलले असेन. वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर पाय थांबले असते. गल्लीच्या टोकाशी पोचले तेव्हा मागून जोड्यांचा फटफट आवाज आला. नाना धोतर सावरत येत होते. स्टेशनपर्यंत एकच गोष्ट सांगत राहिले, "मन्हा हातमा हुकूमना एक्का व्हता." मी हूं म्हणत पळत होते.

गाडी मिळाली. चाळीसगावला डोळ्याला डोळा लागला नाही, धुळ्याची गाडी प्रत्येक स्टेशनवर फार वेळ थांबते असं वाटत राहिलं. गावात पोचलो तेव्हा बाया नदीवरून परत येत होत्या. गौराई बोळवून झाली होती. त्यांच्यात माझी बहीण होती, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं.

"इतला उशीर कसाले व्हयना?" तिने विचारलं. फराळाचं, शेठांचं, एक्क्याचं तिला काय काय सांगायचं होतं. पण घरापुढे तिच्या गाडीला बैल जुंपले होते, आणि मेहुणे पाणी पीत उभे होते.

"चाल, एक झोका लेऊत," ती म्हणाली. आम्ही निंबाच्या झोक्यावर समोरासमोर बसलो. तिने पायाने रेटा दिला. ती बोलत होती, हसत होती, आणि मी तिच्या खांद्यावरून सारखी बैलांकडे बघत होते.