समोरचा निवारा

बांधकाम परवान्याच्या कचेरीत तिला सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं. कुणाचा छज्जा रस्त्यावर आला, कुणाची पायरी नियमाबाहेर गेली, हिच्या नजरेतून सुटेल तर शपथ! चाळिशी उलटलेली, लग्न केलं नाही, घरात ती आणि आई. आई नर्स होती. निवृत्त झाली तरी अख्ख्या गल्लीची सिस्टरच राहिली.

लहानपणी सिस्टरच्या रात्रपाळ्या, आणि फूटपट्टी झोपायला शेजारच्या काकूंकडे. निवृत्तीनंतर तरी आई आपल्या वाट्याला येईल, अशी ती आस लावून बसली होती. आणि झालं काय? घरासमोरच्या बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात थंडीपुरता बेघरांचा निवारा उघडला! आई संध्याकाळी थर्मास घेऊन जी समोर जायची, ती जेवणं खोळंबली तरी परतायची नाही.

खिडकीतून सगळं दिसायचं. एका म्हाताऱ्या हमालाच्या पायाला आई मलम लावायची, तेही हसत, गप्पा मारत. घरी आली की पुन्हा तेच पुराण.

"हमालाचा खोकला बराच कमी झाला गं."

"मलाही खोकला आहे," फूटपट्टी म्हणाली.

"मग औषध घे की. कपाटात आहे."

झालं! तिच्या अंगाची नुसती आग आग झाली. हेवा, दुसरं काय! ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याचा हेवा करायचा, याची तिला लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून हेवा थोडाच कमी होतो?

नियम तिला तोंडपाठ. वस्तीत तात्पुरता निवारा चालतो, पण बालवाडीपासून ठरावीक अंतर सोडून. परवाना देताना ते अंतर कुणीतरी रस्त्याच्या वळणावळणाने मोजलं होतं. नियमाप्रमाणे मोजायचं सरळ रेषेत. इतके दिवस तिने काणाडोळा केला होता. रविवारी संध्याकाळी तिने टेप काढला आणि बालवाडीच्या फाटकापासून सरळ धरला. थोडकंच, पण कमी भरलं.

"बाई, थंडी संपेपर्यंत राहू द्या ना," सोमवारी कचेरीत साहेब काकुळतीला आले. "कुणाची तक्रार नाही."

"उद्या काही झालं तर तुमच्याच गळ्याशी येईल, साहेब."

साहेब पक्के भित्रे. निवारा गावाबाहेर, कारखान्यांच्या भागातल्या रिकाम्या शेडमध्ये हलवायचा हुकूम निघाला. निवारा हलायच्या दिवशी फूटपट्टीने कचेरीतून परतताना आईसाठी छानशी शाल घेतली. आता संध्याकाळी दोघी निवांत बसू, या खुशीत ती जवळजवळ पळतच जिना चढली.

आई बॅग भरत होती.

"कुठे निघालीस?"

"शेडवर. तिथे आसपास घरं नाहीत ना! मुक्कामाला जबाबदार माणूस असल्याशिवाय निवारा उघडता येत नाही म्हणे. तुमचाच नियम. कुणी पुढे येईना, म्हटलं मी राहते."

शालीची पिशवी फूटपट्टीच्या हातातच राहिली. ते कलम तिला पाठ होतं. तो जबाबदार माणूस म्हणजे आपली आईच असेल, एवढं मात्र डोक्यात आलं नव्हतं.

"मी मुद्दाम मोजलं, आई," ती रडत म्हणाली. "तू त्यांचं सगळं करायचीस, ते मला बघवत नव्हतं."

"ठाऊक आहे मला." आईने साडीची घडी बॅगेत दाबून बसवली. "तू टेप धरून उभी होतीस, तेव्हा मी समोर निवाऱ्याच्या दारातच होते. वाटलं, आता येईल पोर आणि म्हणेल, आई, घरी चल. मी उठून आले असते गं. तू मोजलंस आणि गेलीस."

"आता म्हणते ना! घरी चल."

"आता शब्द दिलाय," आई म्हणाली. तिने लेकीचे डोळे पदराने पुसले आणि बॅग उचलली.