गुलाबने घातलेली शपथ

गुलाबच्या जाण्याने शेलूबाजारात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. हे वाक्य शोकसभेसाठी मीच लिहून दिलं होतं. बाहेरगावाहून आलेल्या एका पुढाऱ्याने ते काळा चष्मा न काढता वाचलं, आणि गुलाबचं नाव गणपतराव असं घेतलं. शेजारी गुलाबची पिठाची गिरणी चालू होती, त्यामुळे मागच्या रांगांना ते ऐकू आलं नाही. गिरणी त्याच्या पुतण्याने चौथ्याच दिवशी पुन्हा सुरू केली होती. गावाला शोक होता, पण पोळ्याही खायच्या होत्या. पीठ पहिल्याइतकंच बारीक येतं, असं सगळे सांगतात.

त्या गिरणीचा आवाज मला त्याआधीचे चौदा महिने वेगळ्याच कारणासाठी लागत होता. माझं घर तिच्यापासून तीन घरं सोडून. सकाळी आठला पट्टा फिरू लागला की गुलाब जिवंत आहे असं धरायचं आणि मग चहा घ्यायचा, अशी माझी सवय झाली होती. एकदा आठ वाजून गेले तरी आवाज नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली… मी एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात बायकोची चप्पल घालून पळालो. गुलाब ओट्यावर पेपर वाचत बसला होता. माझ्या पायांकडे पाहत म्हणाला, "लाइन नाइ, मास्तर. तुह्या घरी असन तर सांग." आणि पौषातल्या ज्या सकाळी तो खरोखरच गेला, त्या सकाळी गिरणी बरोबर आठला सुरू झाली. काका आज जरा उशिरा उठतील असं वाटून पुतण्याने पहिला डबा दळायला घेतला होता. मी निवांत चहा घेतला, वर आणखी अर्धा कप मागितला. तो संपेपर्यंत शांतावहिनी नवऱ्याला उठवायला आत गेल्या होत्या…

आम्ही दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. पुढे मी इथल्याच शाळेत मराठी शिकवलं आणि त्याने बापाची गिरणी व चार एकर वावर सांभाळलं. मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर त्याला चढावर छातीत दाबल्यासारखं होऊ लागलं, तेव्हा गिरणीचा पट्टा आणायचा आहे असं घरी सांगून आम्ही अकोल्याला गेलो. मी सोबत अशासाठी की मला इंग्रजी कागद वाचता येतो. तो कागद मला वाचता आला नसता तर बरं झालं असतं. हृदयाच्या तीन नळ्या बंद होत आल्या होत्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. गुलाबने खात्री किती ते विचारलं. डॉक्टर प्रामाणिक होते, त्यांनी खात्री दिली नाही. मग गोळ्या ठरल्या, ओझं उचलायचं नाही हे ठरलं, आणि दुखलं की जिभेखाली ठेवायची एक बारीकशी गोळी कायम खिशात बाळगायची हेही ठरलं. त्याने दोन पट्ट्या घेतल्या. एक स्वतःच्या खिशात ठेवली आणि एक माझ्या.

अकोल्याच्या स्टँडवर संत्री सोलता सोलता तो म्हणाला, "कोनाले सांगजो नको. शांतालेही नाइ. सांगशीन तर माहं मेलेलं तोंड पाह्यशीन." या शपथेतली अडचण मला तिथेच दिसली. न सांगूनही पाहायला मिळणार होतं ते तेच तोंड. पण असा मुद्दा संत्री सोलणाऱ्या माणसाशी काढता येत नाही. काहून सांगायचं नाही, एवढंच मी विचारलं. तेव्हा त्याने आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या पैलवानाची आठवण करून दिली. पैलवानाला अर्धांगाचा झटका आला, तो बराही झाला, पण त्यानंतर गावाने त्याला कशालाच हात लावू दिला नाही. कुठेही गेला की चार जण खुर्ची घेऊन धावायचे. पंगतीत त्याला वाढायला मिळेना, पोळ्याला बैल धरायला मिळेना, भजनात टाळ मिळेना. टाळाचं वजन किती असतं, पण नाही. सगळीकडे तो, खुर्ची आणि गळ्यात हार. दोन वर्षं असा बसून तो गेला. "गावाची माया लय बेकार असते," गुलाब म्हणाला. "एक डाव बिमार म्हटलं का मानूस कामातून जाते. मले खुर्ची नोको. जाचं तं उभ्यानं जाइन." मी शपथ घेतली. त्या दिवसापासून मी भित्रा माणूस झालो. आधीही शूर नव्हतो, पण आता भिण्याला एक नेमकी जागा मिळाली होती.

आमच्या गावात सुखं लहान आहेत आणि त्यातलं एकही एकट्याने घ्यायची सोय नाही. थंडीत कोणाचा तरी नवस फिटतो आणि वावरात रोडग्यांची पंगत बसते. रोडगे म्हणजे जाड्याभरड्या कणकेचे, आत पदर घातलेले गोळे. गोवऱ्यांचा निखारा करून त्यात ते भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. निखारा कधी तयार झाला हे ठरवण्याचा मान पंचक्रोशीत गुलाबचा. तो आगीजवळ वाकून हात धरायचा, तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजायचा आणि म्हणायचा, टाका. अकोल्याहून आल्यानंतरच्या पहिल्या पंगतीत तो गोवऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन निघालेला मी पाहिला. मी काही बोलणार तोच रहीमभाई आडवे आले. ते आमचे शिंपी, तिसरे मित्र. "लाओ भाऊ, माही कंबर आखडून राह्यली, जरासं वजन पाह्यजे डोक्यावर," असं काहीतरी अवैद्यकीय बोलून त्यांनी पाटी काढून घेतली. पुढच्या पाटीच्या वेळी दिगंबर आला. दिगंबर एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. नोकरीत असताना त्याने कोणाची पिशवीसुद्धा उचलून दिली नव्हती. त्यानेही पाटी घेतली. मी मनात देवाचे आभार मानले. देवावर माझा फारसा विश्वास नाही, पण त्या वर्षी आमचा व्यवहार बराच वाढला होता. पंगतीत मी गुलाबच्या समोर बसलो आणि त्याचा एकेक घास पाहत राहिलो. तुपाची वाटी तिसऱ्यांदा आली तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, माह्या तोंडाकडे पाहून तुहं पोट भरून राह्यलं का?" सगळी पंगत हसली. रहीमभाई आणि दिगंबर जरा उशिरा हसले. तेव्हा मला ते जाणवलं नाही.

पुढच्या आश्विनात भुलाबाईची गाणी सुरू झाली. गल्लीतल्या मुली संध्याकाळी घरोघरी गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊचा झाकलेला डबा हलवून दाखवतात. आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं, ओळखेपर्यंत कोणाला काही मिळत नाही. यात गुलाबचा हात धरणारा कोणी नव्हता. तो डोळे मिटून, छातीवर हात ठेवून ऐकायचा. मुलींना वाटे तो नाटक करतो. मला मात्र दर वेळी प्रश्न पडे की तो हात तिथे डब्यासाठी आहे की दुसऱ्या कशासाठी. डबा वाजायचा, गुलाब गप्प… मुली गप्प… माझा हात खिशातल्या पट्टीवर. मग तो डोळे उघडून म्हणायचा, "मुरमुरे. पन दाने कमी टाकले तुया मायनं." मुली ओरडायच्या. मी घामाने भिजलेला असायचो. भीती माणसाला काय काय शिकवते. मला इतकं कळलं की सुखात बसलेला माणूस आणि दुखणं आलेला माणूस लांबून अगदी सारखे दिसतात.

त्याला आगगाडी पाहायचा नाद होता. कुठे जायचं नसताना वर्षातून दोन-तीनदा आम्ही जीपने, मग रिक्षाने, जऊळक्याच्या स्टेशनवर जायचो, फलाटावर चहा घ्यायचो, एखादी गाडी येऊन गेली की परत. मागच्या दिवाळीनंतर असेच गेलो असताना तो फलाटाच्या मध्यावर थांबला. चेहरा राखेसारखा झाला. या वेळी मुलींचा डबा नव्हता. मी पट्टी काढली, गोळी हातातून निसटली आणि बाकाखाली गेली. मी फलाटावर गुडघे टेकून ती शोधू लागलो. दुसरी गोळी त्याच पट्टीत होती हे मला सुचलं नाही. गुलाबने तोवर स्वतःची गोळी जिभेखाली ठेवली होती आणि बाकावर बसून तो माझ्या डोक्याकडे पाहत होता. चारेक मिनिटं गेली असतील. तेवढ्यात गाडी आली. तो उठला, त्याने गाडीचे डबे मोजले, आणि मग मला म्हणाला, "उठ आता. लोकाइले वाटन मी तुले कान धरून बसवलं."

त्या दिवशी मात्र मी ठरवलं की शपथ गेली खड्ड्यात, वहिनींना सांगायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या ओट्यावर गेलो. उद्या काही झालं आणि त्यांनी विचारलं, मास्तर, तुम्हाला ठाऊक होतं… तर काय तोंड दाखवायचं, हे रात्रभर घोकून गेलो होतो. वहिनी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी पाट दिला, सुपातल्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. मी अर्धा तास शेंगा सोलल्या. या वर्षी तुरीला फूल चांगलं होतं, असं म्हणालो. त्या हो म्हणाल्या. त्याही काहीतरी बोलणार आहेत असं मला दोनदा वाटलं, पण बोलल्या नाहीत. मी घरी आलो.

त्यानंतर दोन महिन्यांनी ती सकाळ आली. मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि तरी त्याचं मेलेलं तोंड पाहिलं. झोपेतच गेला होता. उभ्याने जायचं जमलं नाही, पण खुर्चीतही गेला नाही. तेरा दिवस मी लोकांत राहिलो, वहिनींसमोर एकटा येणार नाही अशी काळजी घेतली. मढ्याला खांदा देताना जेवढा भ्यालो नव्हतो, तेवढा त्या घराच्या स्वयंपाकघराच्या दाराला भ्यालो.

तेरवीची पंगत उठल्यावर वहिनींनी आम्हा तिघांना थांबवलं: मी, रहीमभाई, दिगंबर. आतल्या खोलीत बसवलं. स्वतः दाराला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "एक इचारतो. खरं सांगजा. याइच्या छातीचं तुमाले ठाऊक होतं का?"

मी खाली मान घातली आणि हो म्हणालो. माझ्या आवाजात आणखी दोन आवाज मिसळले होते. मी मान वर केली. रहीमभाईंनी कुर्त्याच्या आतल्या बाजूला स्वतः शिवलेला एक चोरखिसा उलटा करून दाखवला, त्यात तीच पट्टी होती. दिगंबरने पट्टी चष्म्याच्या डबीतून काढली. भावाची जीप त्याने वर्षभर डिझेल भरून दाराशी ठेवली होती, हेही तेव्हा कळलं. आम्हाला वाटायचं त्याला गाडीचा शौक सुटत नाही. प्रत्येकाला गुलाबने एकेकटं गाठलं होतं, प्रत्येकाला तीच शपथ घातली होती, आणि प्रत्येकाला सांगितलं होतं की हे फक्त तुलाच.

रहीमभाईंनी विचारलं, "भाभी, मग तुमाले?"

"मले तं पयल्याच दिवशी सांगतलं," वहिनी म्हणाल्या. "आन मनले, माह्या दोस्ताइले कळू देजो नोको. ते डरपोक हायेत. रोडग्याले बलावनं बंद करतीन…"

मला आधी राग आला, आणि तो बरेच दिवस राहिला. चौदा महिने मी एकटाच जागा आहे असं समजत होतो. एका गल्लीत चार माणसं एकाच माणसासाठी भीत होती आणि एकमेकांना तुरीच्या फुलाबद्दल सांगत होती. कोणाच्या घरी कोणती भाजी शिजली हे ज्या गावात दुपारपर्यंत कळतं, तिथे ही गोष्ट कळली नाही. पण आम्हाला एकमेकांचं कळलं असतं तर काय झालं असतं, तेही मला ठाऊक आहे. आम्ही बैठक घेतली असती. पाळ्या ठरवल्या असत्या. आणि सगळ्यात आधी, अतिशय मायेने, एक खुर्ची आणली असती. गुलाबला हे ठाऊक होतं. त्याने आमची माया सुटी सुटी ठेवली, एकत्र येऊ दिली नाही, आणि तेवढ्यावर एक हिवाळा, एक आश्विन आणि कितीतरी गाड्या काढून घेतल्या. भीती मात्र वाटली गेल्याने कमी होत नाही. प्रत्येकाला पूर्ण मिळते.

तो गेला तरी ती गेली नाही, हे मला अपेक्षित नव्हतं. गिरणी आता पुतण्या चालवतो तरी आठला मी कान देऊन बसतो. जिना चढताना थांबतो. मागच्या पंधरवड्यात माझ्या छातीत डाव्या बाजूला काहीतरी हललं. बायकोला सांगितलं नाही. पेन्शनच्या कागदाचं निमित्त करून जीप धरली आणि वाशिमला एका दवाखान्यात गेलो. बाकावर रहीमभाई बसले होते. ते बटणं घ्यायला आले होते. थोड्या वेळाने आतून शर्टाच्या गुंड्या लावत दिगंबर बाहेर आला. तोही बाकावर आमच्याशेजारी बसला. डॉक्टरांनी तिघांचेही कागद समोर ठेवून पाहिले. हृदयाला काही झालेलं नाही, म्हणाले, आणि तिघांनाही ॲसिडिटीची एकच गोळी लिहून दिली, सकाळी उपाशीपोटी.