कागद सुटतो ती जागा

आमच्या ह्यांनी गाडीला जितका जीव लावला त्याच्या निम्मा मला लावला असता, तर मी आज इतकी तिखट बोलत नसते. डोंबिवलीत सोसायटीच्या आवारात जांभळाखाली उभी असलेली ती चाळीस वर्षांची पेट्रोल गाडी. दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी सकाळी बॉनेट उघडून ह्यांनी तिचं टायमिंग लावायचं आणि मी गॅलरीतून ‘पोहे गार झाले’ म्हणून ओरडायचं, असा आमचा संसार. कुठल्याही मेकॅनिकला त्यांनी तिला हात लावू दिला नाही.

दोन वर्षांपूर्वी कंपवात आला आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली तेव्हा स्टिअरिंग माझ्याकडे आलं. ते त्यांनी मुकाट्याने दिलं, पण बॉनेटखालचं राज्य सोडलं नाही. “ज्या दिवशी टायमिंग माझ्या हाताने लागणार नाही त्या दिवशी गाडी भंगारात,” असं त्यांनी जाहीर करून टाकलं. मी बरं म्हटलं. आजारी माणसाशी प्रत्येक वेळी वाद घालायचा नसतो, हे मला उशिरा का होईना कळलेलं.

ह्या हिवाळ्यात तो दिवस आला. आतले पॉइंट झिजले होते म्हणून नवे बसवले, आणि नवे बसवले की टायमिंग पुन्हा लावावंच लागतं. शनिवारी हे सकाळपासून खाली होते. एका हाताने पुली, म्हणजे इंजिनाच्या टोकाचं चाक, धरायची आणि दुसऱ्याने बारीक काम करायचं, ते काही जमेना. चारदा स्क्रू पडला. गाडी सुरू होईना. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने लांबूनच सांगितलं, “काका, पॉइंटची गाडी आता कोण बघत नाय. कशाला डोक्याला ताप करून घेता?” संध्याकाळी ह्यांनी स्वतःच शीळफाट्याच्या भंगारवाल्याला फोन लावला आणि रविवारी दुपारी बाराला या म्हणून सांगितलं. नंतर ते टीव्हीसमोर बसले, पण टीव्ही लावलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं. जेवायला मी त्यांच्या आवडीचं भरीत केलं.

रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर खाली उतरले.

“अहो, हे टायमिंग म्हणजे नेमकं करायचं काय असतं?”

“तुला कशाला आता?”

“सांगा तर.”

त्यांनी सांगितलं. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ दाबली जात असताना ठिणगी अगदी वेळेवर पडावी लागते. जरा आधी पडली तर इंजिन खडखडतं, जरा उशिरा पडली तर चढावर दम टाकतं. ती वेळ सांभाळतात ते पॉइंट, म्हणजे धातूचे दोन इवलेसे टिकले. एकमेकांना टेकलेले असतात, आणि ज्या क्षणी विलग होतात त्या क्षणी ठिणगी पडते. पुलीवरची खूण शेजारच्या पक्क्या बसवलेल्या काट्यासमोर येईल तेव्हाच ते विलग झाले पाहिजेत. मागेपुढे असतील तर ते ज्या डब्यात बसवलेत तो डबा किंचित फिरवायचा.

मी आत वाकून बघितलं आणि बघतच राहिले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी रिलेचे, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट लावले. तेही असेच टिकले, अशीच पातळ पट्टी, अशीच स्प्रिंग. इतकी वर्षं ही वस्तू आमच्या जांभळाखाली उभी होती आणि मला पत्ता नव्हता. मी दिवसभर काय करते हे ह्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि बॉनेटखाली काय आहे हे मी. दोघंही सारखेच शहाणे.

वर जाऊन मी सराफाकडचा, दागिना गुंडाळून देतात तो पातळ गुलाबी कागद आणला. त्याची बारीक पट्टी कापली. कारखान्यात आम्ही असंच करायचो. टिकल्यांमध्ये कागद धरून हलकेच ओढायचा. अडकला तर टिकले टेकलेले, सुटला तर विलग. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं.

“तुम्ही पाना धरा आणि खूण काट्यासमोर ठेवा,” मी म्हटलं.

सगळे प्लग काढलेले, त्यामुळे इंजिन हलकं फिरत होतं. त्यांनी पुलीच्या नटावर लांब पाना लावला आणि खूण आणली. पण हात थरथरत होता, त्याबरोबर पाना, त्याबरोबर पुली. खूण काट्याच्या अलीकडे, पलीकडे.

“राहत नाहीये गं. सोड, जाऊ दे.”

“सोडू नका. तसंच धरा.”

टिकल्यांमध्ये धरलेला कागद घट्ट अडकलेला होता. डाव्या हाताने मी डबा केसभर फिरवला. अडकलेलाच. अजून केसभर. आणि एकाएकी कागद माझ्या बोटांत हलायला लागला. सुटला, अडकला. सुटला, अडकला.

“खूण कुठे आहे ते बोलत राहा,” मी म्हटलं.

“अलीकडे... पलीकडे... अलीकडे...”

अलीकडे म्हणाले की कागद अडके, पलीकडे म्हणाले की सुटे. एकदाही चुकला नाही. त्यांची थरथर पान्यातून, पुलीतून, सबंध इंजिनातून येऊन माझ्या दोन बोटांत पोचत होती. स्थिर हाताने ही जागा मला शोधत बसावी लागली असती. हा हात ती दोन्ही बाजूंनी दाखवत होता, पुन्हा पुन्हा. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण त्यांचा हात इतका जवळून मला कधी कळला नव्हता.

मी डब्याचा नट आवळला. त्यांना सगळं सांगितलं, जसं कळलं तसं. ते आपल्या हाताकडे बघत राहिले.

प्लग बसवून मी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्याला इंजिन सुरू झालं, आणि असं शांत, की समोर डॅशबोर्डवर ठेवलेला चहाचा कपही हलेना. मी आत बसून रडले. हसत होते आणि रडत होते.

भंगारवाला बाराच्या आधीच आला. चाळिशीचा, सभ्य माणूस. चालू इंजिनाकडे बघून गोंधळला.

“काका, बंद आहे बोललेला ना तुम्ही? टायमिंग कोणी लावलं?”

“माझ्या हाताने लागलं,” हे म्हणाले, आणि तो हात त्याच्यासमोर धरला. थरथरत होता तसाच.

एरवी मी तिथल्या तिथे त्यांच्या वाक्यात दुरुस्ती केली असती.