झाकणावरचा शेंदूर

१९७९ साल. मला बासष्टावं लागलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मी मैदानाच्या कडेला विळ्यानं गवत काढत बसलो होतो, तेव्हा दौलतचा थोरला मुलगा सायकल धरून समोर उभा राहिला. दौलत तेव्हा दवाखान्यात होता. मीच विचारलं, "केव्हा?" तो म्हणाला, "पहाटे." मी विळा खाली ठेवला आणि त्याच्या मागं निघालो... गवत तसंच अर्धं राहिलं.

दौलत आमच्या क्लबाच्या मैदानावर गवत कापायची मशीन चालवायचा, वर बसून चालवायची असते ती. पुढं क्लबात शोकसभा झाली. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, मशीन जुनी झाली होती, माणूसही थकला होता, दोघं सोबतच थांबले. लोकांना ते बोलणं फार आवडलं. मला नाही आवडलं. मी चौथीच्या पुढं शाळा पाहिली नाही, सभेत उठून बोलणं जमलं नाही, म्हणून इथं लिहितो. मशीन जुनी झाली नव्हती.

त्या मशीनच्या आधी सिव्हिल लाईनमधलं हे मैदान माझा मोती कापायचा. मोती म्हणजे बैल. त्याच्या पायात चामड्याचे बूट घालायचो, म्हणजे गवतात खुरांचे खड्डे पडत नसत. मोतीच्या मागं कापणीचा रूळ आणि रुळामागं मी. मग कुठल्याशा कंपनीच्या साहेबानं बदलीवर जाताना आपली विलायती मशीन क्लबाला देऊन टाकली. मोतीला कळमेश्वरकडचा एक शेतकरी घेऊन गेला, माझ्या हाती कडेच्या गवताचा विळा आला, आणि तेलगिरणीत इंजिन चालवणारा दौलत मशीनवर येऊन बसला. तो अख्खा पावसाळा मी त्याच्याशी बोललो नाही. शेवटी तोच मशीन माझ्यापाशी थांबवून म्हणाला, "काहून गा किसनभाऊ, तुहा बैल का मी नेला?"

मी म्हटलं, "बसून गवत कापते त्या माणसाशी मी बोलत नाही."

"मंग उभ्यानं कापू?" म्हणाला, आणि खरंच चालत्या मशीनवर उभा राहून, चाक धरून, मैदानाला एक पूर्ण फेरी मारून आला. धोतराचा सोगा झेंड्यासारखा उडत होता. मला हसू आलं. एकदा हसल्यावर अबोला कसा टिकणार. त्या दिवसापासून त्याची जवसाची चटणी आणि माझी भाकर एका फडक्यावर यायला लागली.

दसऱ्याला त्याचा थाट असायचा. मशीन धुवायची, झेंडूचा हार घालायचा आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर तेलात कालवलेला शेंदूर लावायचा. झाकणावरच काहून, असं मी विचारलं होतं. म्हणाला, "बसलो का समोर तेच दिसते, अजून कुठं लावू?" दरवर्षी जुन्या शेंदरावर नवा. त्यांच्या घरची रीत होती, मारुतीला चढलेला शेंदूर कोणी खरवडून काढत नाही, थरावर थर चढू द्यायचा. पेट्रोल भरतानासुद्धा तो झाकण फडक्यात धरून फिरवायचा, शेंदराला नख लागू देत नसे. झाकण लाल, गुळगुळीत, देवाच्या डोक्यासारखं झालं होतं.

गेल्या दसऱ्यानंतर थंडी-उन्हाळ्यात कापायला गवतच फारसं नसतं, मशीन थोडी थोडी चालून जायची. यंदा पाऊस लागला, गवत घोट्याच्या वर गेलं आणि ती रुसली. सकाळी चालू व्हायची, मैदानाच्या मध्यापर्यंत जायची, खोकलायची, बंद. मग इंजिन चालू करायची दोरी ओढून ओढून खांदा निखळायची पाळी आली तरी हूं नाही की चूं नाही. दौलतनं प्लग काढला, पॉलिश पेपरनं घासला, इंजिनला टेकवून ठिणगी पाहिली. ठिणगी निळीशार. कार्बोरेटर उघडून तोंडानं फुंकला. पेट्रोल सगळं काढून धोतराच्या कापडातून गाळलं. मोटारीचा मिस्त्री आणला, त्यानं सांगितलं पिस्टनच्या रिंगा गेल्या. रिंगा नव्या टाकल्या. पुन्हा तेच. टाकीत पेट्रोल आहे का म्हणून झाकण उघडून पाहिलं, लावलं, दोरी ओढली, की चालू. थोडी गेली की पुन्हा बंद. दौलत म्हणायचा, "लेकरावानी झाली गा हे. डबा उघडून दाखोला का खुश होते." आम्ही दोघंही हसलो होतो त्यावर.

सेक्रेटरीसाहेबांनी मात्र स्पष्ट सांगितलं, पोळ्यापर्यंत नीट चालली नाही तर मशीन भंगारात आणि दौलत घरी. दौलतला घरी बसण्याचं भय नव्हतं, त्याचा थोरला कमावता होता. त्याला दुसरंच लागलं होतं. माझ्या हाताखाली आजवर एक इंजिन मेलं नाही, एवढंच तो म्हणायचा, आणि पुन्हा दोरी ओढायचा. भर पावसात भिजत ओढायचा. त्यातच छातीत कफ भरला आणि धंतोलीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मी भेटायला गेलो तर खाटेवरून पहिला प्रश्न, "चालू झाली का गा?"

मला खोटं बोलता येत नाही. "नाही," म्हटलं.

त्यानं आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "मंग माह्याच हातानं काही बिघडलं असन..."

तीच आमची शेवटची भेट.

दसरा आला. मशीन शेडमध्ये धूळ खात होती, भंगारवाल्याला निरोप गेला होता. या वर्षी तिला हार कोण घालणार, म्हणून मीच गेलो. शेंदूर लावताना बोट जरा दाबलं गेलं आणि झाकणावरचा थर अंड्याच्या टरफलासारखा निघून हातात आला. खाली बारीक भोक होतं, शेंदरानं गच्च बुजलेलं. टाकीत वारा जायची वाट होती ती. तेलाच्या पिप्याला आपण दोन भोकं पाडतो, एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारा आत जातो. दुसरं नसलं तर तेल थोडं येतं आणि थांबतं. आमच्या घरच्या बायकांना हे कळतं, आणि आम्ही दोघं पावसाळाभर रिंगा बदलत बसलो.

बाभळीच्या काट्यानं भोक मोकळं केलं, ताजं पेट्रोल टाकलं. थोड्या ओढाताणीनं मशीन चालू झाली. मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या, बंद पडली नाही. मीच थकून उतरलो. साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "किसन, आता उपयोग नाही. नवीनची ऑर्डर गेली, उद्या भंगारवाला येतो आहे."

संध्याकाळी झाकण घेऊन दौलतच्या घरी गेलो. दुखवट्यातलं घर, सोनं द्यायचं नव्हतं. वहिनी दारातच बसली होती. तिनं झाकण ओळखलं. म्हणाली, "भाऊजी, खरं सांगा. त्याईच्या हातानंच बिघडली का जी मशीन? मरेस्तोवर तेच म्हणत होते."

मी म्हटलं, "हात चांगला होता वं वहिनी. शेंदूर जास्त झाला."

तिनं झाकण हातात घेतलं, ते भोक अंगठ्यानं चाचपलं आणि परत माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, "मले नको. घरात राहिलं तं मी बी शेंदूर लावीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला हातगाडी आणि माणसं घेऊन आला. टाकी उघडी पाहून त्यानं विचारलं, "बाबा, ढक्कन किधर है?" मी म्हटलं, "नाही." त्यानं टाकीच्या तोंडात चिंधी कोंबली आणि मशीन गाडीवर चढवली. झाकण माझ्या बंडीच्या खिशात होतं. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत मी उभा राहिलो, मग विळा घेतला आणि करीच्या दिवशी जिथं सोडलं होतं तिथून गवताला बसलो.